नवऱ्याची हनुवटी

माझ्या नवऱ्याला हनुवटी कमी आहे, हे मला लग्नानंतर बारा वर्षांनी एका दुसऱ्या बाईकडून कळलं.

आम्ही तिरोड्याचे. बाजाराच्या रस्त्यावर यांचं औषधांचं दुकान आहे. मी चोरखमाऱ्याकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. सकाळी स्कुटी काढायची, धानाच्या बांध्यांमधल्या रस्त्याने शाळा गाठायची, संध्याकाळी त्याच रस्त्याने परत. आमचं लग्न नव्याण्णव साली झालं, तेव्हापासून यांना दाढी. काळी, दाट, दर रविवारी कात्रीने सारखी केलेली. दाढीशिवाय मी त्यांना कधी पाहिलंच नव्हतं. माणूस शांत, बिनव्यसनी, दुकानातून थेट घरी येणारा. अशा नवऱ्याचा चेहरा बाई रोज निरखून बघत नाही. भिंतीवरचं घड्याळ बघतो तसं बघते, वेळ कळण्यापुरतं.

मग तिरोड्याजवळ विजेचा मोठा प्लांट उभा राहू लागला आणि गाव बाहेरच्या माणसांनी भरलं. भाड्याच्या खोल्या मिळेनाशा झाल्या. आमच्या दुकानाला लागून एक गाळा रिकामा होता, तिथे दातांचा दवाखाना सुरू झाला. डॉक्टरीण रायपूरची, अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांची, लग्न व्हायचं होतं. बोलणं हिंदी. दुपारी पेशंट नसले की ती बाहेर यायची आणि आमच्या काउंटरला कोपर टेकून चहा प्यायची. शनिवारी माझी शाळा सकाळची असायची, त्यामुळे दुपारी दुकानात डोकावले की हे दृश्य मला दिसायचं. ती बोलत असायची, हे ऐकत असायचे. घरी मी बोलते तेव्हाही हे ऐकतातच, पण त्यांचे हात कशात तरी गुंतलेले असतात. तिथे मात्र दोन्ही हात काउंटरवर मोकळे ठेवलेले.

एवढंसं काहीतरी. पण ते माझ्या मनात बसलं.

एका रविवारी यांनी दाढी काढली. न विचारता, न सांगता. आंघोळीला गेले ते गुळगुळीत होऊन बाहेर आले. आमची मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. ती हातातला घास तसाच धरून बघत राहिली आणि म्हणाली, "बाबा अर्धे झाले."

मला हसू आलं. त्यांना नाही आलं.

"काऊन काढली?" मी विचारलं.

"गरमी होते."

पोळा नुकताच झाला होता, हवा चांगली थंडावलेली होती. बारा वर्षं ज्याला गरम झालं नाही त्याला आताच कशाने गरम झालं?

दोनेक आठवड्यांनी मी त्यांच्या मोबाईलवर मुलीचा शाळेतला नाच बघत होते. बोट पुढे सरकलं आणि एक फोटो आला. दवाखान्याच्या खुर्चीवर हे आडवे पडलेले, डोळे मिटलेले, बाजूने काढलेला. कपाळ, नाक, ओठ, आणि ओठांखाली चेहरा एकदम मागे जाऊन गळ्यात मिसळलेला. ते मला दिसलं खरं, पण मी अडकले दुसऱ्याच गोष्टीत. डोळे मिटलेल्या नवऱ्याचा फोटो त्याने स्वतः काढलेला नसतो. माझ्यासमोर हे शेवटचे असे शांत डोळे मिटून कधी पडले होते, ते मला आठवेना.

सोमवारी शाळेतून येताना मी थेट दातांच्या दवाखान्यात गेले. एक दाढ थोडी दुखायची, ते निमित्त. खरं तर मला तिला जवळून बघायचं होतं.

तिने मला खुर्चीवर झोपवलं, दिवा तोंडावर आणला, आणि हातमोजे घालून काम सुरू केलं. तोंडात दोन अवजारं, एक नळी. मनात आणलेला एकही प्रश्न मला विचारता येईना. बोलत होती तीच.

"भाभी, आपने भैया को कभी साइड से देखा है?"

मी म्हटलं, "आं."

"चेहरा बहुत अच्छा है उनका. माथा अच्छा, नाक अच्छी. बस यहाँ आकर..." तिने हातमोज्याचं बोट माझ्याच हनुवटीवर टेकवलं, "बात खतम हो जाती है. दाढ़ी से छुपा रखा था इतने साल."

"आं."

"नागपूर में हो जाता है आजकल. इंजेक्शन से भी होता है, ऑपरेशन से भी. मैंने भैया को एक सर्जन का नंबर दिया है." मग दिवा थोडा वळवून तिने माझ्याकडे पाहिलं. "आपकी तो बढ़िया है, भाभी. कुल्ला कर लीजिए."

मी चूळ भरली. थोडं रक्त आलं. दाढेत कीड आहे, पुन्हा यावं लागेल, असं ती सांगत होती. मी मान हलवली आणि निघाले. बाजूच्याच दुकानात हे गिऱ्हाइकाला गोळ्यांच्या वेळा समजावत होते. मी आत गेले नाही. स्कुटीवर बसले आणि घरी येईपर्यंत एकच गोष्ट मनात घोळत होती. माझ्या नवऱ्याचं कपाळ चांगलं, नाक चांगलं. हे तिने पाहिलं. बारा वर्षं मी काय बघत होते?

संध्याकाळी हे घरी आल्यावर मी चहा पुढे ठेवला आणि विचारलं.

"फोटो कोनं काढला तुमचा?"

"कोनता फोटो?"

"डोळे मिटून पडले आहा तो."

त्यांनी कप खाली ठेवला. "मॅडमनं. दात साफ करून देत होती. मीच म्हनलं, काढा एक."

"कायले?"

"बाजूनं आपन कसे दिसतो हे आपल्याले कुठं दिसते? मले पाह्याचं होतं."

"मले सांगतलं असतं. मी काढला नसता का?"

ते मग म्हणाले, "हनुवटी करून घ्यायची म्हनतो. नागपूरले."

मी म्हटलं, "कोनासाठी?"

हा प्रश्न त्यांना कळला. चेहऱ्यावरून दिसलं की कळला. पण त्यांनी उत्तर दिलं, "कोनासाठी म्हनजे? हनुवटी माही आहे." आणि उठून मुलीला गणितं सांगायला गेले.

पुढचा महिनाभर घरात हनुवटीशिवाय दुसरा विषय नव्हता. यांनी सगळी माहिती गोळा केली होती. कुठून, ते मी विचारलं नाही. सिलिकॉनचा तुकडा हाडावर बसवतात, तो कायमचा राहतो. किंवा हनुवटीचंच हाड कापून पुढे सरकवतात आणि पट्टी-स्क्रूने बसवतात. आणि तिसरं म्हणजे इंजेक्शन. जेलसारखं औषध कातडीखाली भरतात, अर्ध्या तासात काम होतं, पण वर्षभरात, फार तर त्याहून थोड्या जास्त दिवसांत, ते विरून जातं.

यांचं मन सिलिकॉनवर होतं. मी इंजेक्शनच्या बाजूने भांडले.

भांडताना मी शहाण्या बायकोसारखी बोलायचे. चिरफाड कायले? भूल दिल्यावर माणूस उठला नाही तर? आपल्या घरात मुलगी लहान आहे. सगळं खरंच होतं. पण मनातला हिशेब वेगळा होता. हे जे काही सुरू झालं आहे ते वर्षभराचं असेल, असं मला वाटायचं. डॉक्टरीण भाड्याच्या गाळ्यात बसते, आज ना उद्या रायपूरला जाईल, तिचं लग्न होईल. तोवर इंजेक्शनची हनुवटीही विरघळून जाईल. हे पुन्हा दाढी वाढवतील आणि मला माझा माणूस जसाच्या तसा परत मिळेल. कायमची हनुवटी झाली तर तो चेहरा कायम तिने सुचवलेला राहील. रोज सकाळी चहा देताना मी तिच्या पसंतीच्या चेहऱ्याला चहा देईन. हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

"जे विरून जाते ते कायले भरून घ्यायचं?" ते म्हणायचे.

"आवडलं नाई तर सुटका तरी होते."

"आवडन."

"कोनाले?"

मग ते उठून दुकानाच्या वह्या काढायचे.

शेवटी सर्जनला विचारून ठरवू म्हणून आम्ही सकाळच्या गाडीने नागपूरला गेलो. मुलीला माझ्या नणंदेकडे सोडलं. गाडीत मी खिडकीकडच्या जागेवर त्यांना बसवलं आणि पूर्ण रस्ताभर बाजूने त्यांचा चेहरा पाहिला. एकदा दिसलं की दिसतच राहतं. खालचा ओठ संपला की पुढे काही नाही, असा तो चेहरा. तो मला वाईट दिसतो का, हे ठरवायचा मी प्रयत्न करत होते आणि ते ठरत नव्हतं. माझा राग मधे येत होता.

सर्जन पन्नाशीचे, मराठी बोलणारे, सावकाश. त्यांनी यांना दात चावून दाखवायला सांगितलं, जबडा उघडायला-मिटायला लावला. "जबडा ठीक आहे, दात नीट जुळतात, हनुवटीच तेवढी आखूड आहे," म्हणाले. मग कागदावर पेन्सिलने बाजूचा चेहरा काढला, खालच्या ओठापासून एक सरळ रेघ खाली ओढली आणि यांची हनुवटी त्या रेघेच्या किती मागे आहे ते दाखवलं. हाड कापायची गरज नाही. सिलिकॉन किंवा इंजेक्शन, दोन्ही चालेल. सिलिकॉनसाठी ओठाच्या आतून छेद द्यावा लागेल. सूज येईल, काही आठवडे ओठ बधिर राहील, क्वचित एखादी जागा कायमची बधिर राहते. तुकडा सरकू शकतो, पिकू शकतो, मग काढावा लागतो. इंजेक्शनमध्येही जपावं लागतं, पण ते नको वाटलं तर औषध देऊन लवकर विरघळवता येतं.

मी लगेच म्हटलं, "मग इंजेक्शनच बरं ना, सर?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग यांच्याकडे. "तुमचं वय आता चाळिशीकडे झुकलं आहे. एवढी वर्षं काही वाटलं नाही, मग आत्ता का?"

मी कान टवकारले. महिनाभर जे उत्तर मला मिळत नव्हतं ते आता मिळणार होतं.

हे टेबलाकडे बघत म्हणाले, "वाटत होतं सर. पहिल्या दिवसापासून वाटत होतं. मी हिले पाह्यले गेलो तेव्हा माहा मित्र संगं होता. हिनं चहाचा ट्रे आणला अन् त्याच्यासमोर धरला. हिले वाटलं तोच नवरदेव आहे."

मला आधी कळलंच नाही की ते कोणाबद्दल बोलत आहेत.

ही गोष्ट माझीच होती. नवेगाव बांधजवळ माझं माहेर. हे मित्राला घेऊन मला बघायला आले. मित्र उंच, चौकोनी जबड्याचा, खुर्चीत ऐसपैस बसलेला. हे दाढी वाढवून बाजूला अंग आवरून बसलेले. मी ट्रे मित्रासमोर धरला. माझी आत्या खुदकन हसली, मित्र लाजला आणि ट्रे यांच्याकडे वळवला. लग्नानंतर ही गोष्ट मी दर दिवाळीला सांगायचे, दर बारशाला सांगायचे. मित्र कसा बसला होता, हे कसे बसले होते, सगळं करून दाखवायचे. माणसं पोट धरून हसायची. हे पण हसायचे. मित्र आता तलाठी होता, तोही समोर असला तर हसायचा.

"ही सांगते, मी हासतो," हे डॉक्टरांना म्हणाले. "बारा वर्षं झाली. आता दातांच्या मॅडमले सहज हे सांगतलं तर त्यांनीच म्हनलं, भैया, हे तर दुरुस्त होते."

माझं बोलणं त्यांच्या मनाला इतकी वर्षं लागत होतं आणि मला पत्ता नव्हता, याची लाज वाटली. पण खरं सांगायचं तर लाजेच्या आधी मला दुसरंच बोचलं. त्यांनी हे तिला सांगितलं. काउंटरवर दोन्ही हात मोकळे ठेवून कधीतरी त्यांनी हेच सांगितलं असणार. माझ्या नवऱ्याचं बारा वर्षांचं दुखणं तिला माझ्या आधी माहीत होतं.

डॉक्टर समजूतदार. "बाहेर बसा, बोला, घाई नाही," म्हणाले.

बाहेरच्या बाकावर आम्ही बसलो. समोर एक बाई नाकावर पट्टी लावून मासिक चाळत होती.

हे म्हणाले, "तू सांग. तुले माही हनुवटी खराब वाटते का?"

"खरं सांगू?"

"सांग."

"मी कदी पाहिलीच नाई."

ते मग म्हणाले, "हेच तर."

मी इंजेक्शनचा आग्रह सोडला. माझा आग्रह कशासाठी होता हे मला चांगलं ठाऊक होतं, आणि तो घेऊन त्या बाकावर बसायची हिंमत होईना. नको म्हटलं असतं तर त्यांना वाटलं असतं, हिला अजून हसायला पाहिजे. करा म्हटलं तर, हनुवटी वाईट आहे हे मीही कबूल केलं. म्हणून मी म्हटलं, "तुमाले काय पायजे ते करा. मी आहो."

ते उठले आणि आत जाऊन सिलिकॉनचं ठरवून आले.

ऑपरेशन दिवाळीच्या सुट्टीत झालं, म्हणजे मला रजा घ्यावी लागली नाही. दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. चेहरा खालून भोपळ्यासारखा सुजलेला, हनुवटीला पट्टी. मी तांदळाची पातळ पेज करून द्यायचे. खालचा ओठ बधिर, त्यामुळे पेज ओघळायची आणि त्यांना कळायचं नाही. मी पुसायचे. नातेवाइकांना सांगितलं होतं, दाढेचं ऑपरेशन झालं. मुलीला खरं सांगितलं होतं. तिने ते कोणाला सांगितलं नाही, याचं मला अजून कौतुक वाटतं.

पाचव्या दिवशी ओठाच्या आतल्या टाक्यांजवळ पांढरं काहीतरी दिसलं. नागपूरला फोन केला तर डॉक्टर म्हणाले, जवळच्या दातांच्या डॉक्टरला दाखवा, ते बघून मला कळवतील.

जवळची दातांची डॉक्टर म्हणजे तीच.

ती घरी आली. पहिल्यांदाच. यांना पलंगावर उशीला टेकवून बसवलं आणि मला म्हणाली, "भाभी, टॉर्च पकड़िए. यहाँ."

मी टॉर्च धरला. तिने दोन बोटांनी त्यांचा ओठ हळूच खाली ओढला. दुसऱ्या बाईची बोटं माझ्या नवऱ्याच्या ओठावर, आणि उजेड माझ्या हातातला. तिने बारकाईने पाहिलं, कापसाने पुसलं.

"कुछ नहीं, खाना अटका है. पका नहीं है." मग यांना म्हणाली, "चूळ भरत जा भैया," तिच्या मोडक्या मराठीत. हे हसायला गेले आणि अर्धाच ओठ हसला. ती पण हसली. आणि मीही हसले, कारण ते खरोखर विचित्र दिसत होतं.

मी तिला चहा दिला. ती घाईत प्यायली आणि निघाली. तिच्या वागण्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. ते मला दिसत होतं, पण मत्सराला पुरावा लागत नाही. ती गेल्यावर मी कप जरा जोरातच घासला.

महिन्याभराने सूज उतरली. हनुवटी छान झाली होती, उगाच पुढे आलेली नाही, जितकी हवी तितकी. आता त्यांच्या चेहऱ्याला खाली शेवट होता. गंमत अशी की कोणाला फरक कळलाच नाही. कोणी म्हणालं, तब्येत सुधारली. कोणी म्हणालं, वजन वाढलं का? समोरून काढलेल्या फोटोत तर जुने आणि नवे हे सारखेच दिसत होते.

एक दिवस तो तलाठी मित्र दुकानात आला. मी तिथेच होते. हे काउंटरच्या आत मुद्दाम तिरके उभे राहिले. मित्राने खोकल्याचं औषध घेतलं, धानाच्या पंचनाम्याच्या गोष्टी केल्या आणि जाता जाता म्हणाला, "दाढी काढल्यापासून चांगला दिसून राहिला बे तू."

एवढ्यावर हे दिवसभर खूश होते. मी ते पाहिलं आणि मला वाईट वाटलं. इतकं थोडं पुरणार होतं आणि तेही मी कधी दिलं नव्हतं.

त्या आठवड्यात मी त्यांना म्हटलं, "ते चहाच्या ट्रेचं... मी हासवाले सांगत होती. तुमाले लागते हे मले मालूम नव्हतं."

ते दाढी करत होते. ब्रश थांबवून म्हणाले, "मालूम आहे. लागत होतं. पन गोष्ट चांगली आहे अन् तू सांगते बी चांगली." आणि पुन्हा फेस लावायला लागले. मी ती गोष्ट त्यानंतर कोणाला सांगितली नाही. नणंद एकदोनदा म्हणाली, सांग ना वो ते. मी म्हटलं, विसरली.

पुढच्या उन्हाळ्यात डॉक्टरणीने दवाखाना बंद केला. रायपूरला तिचं लग्न ठरलं होतं. पत्रिका द्यायला ती घरी आली आणि हे म्हणाले, आपण दोघंही जाऊ. मी नाही म्हणायचं ठरवलं होतं. मग वाटलं, हे एकटे गेले तर? म्हणून मीही गेले.

वरात आली. नवरदेव घोडीवरून उतरला, फुलांचा सेहरा बाजूला केला. मी सगळ्यात आधी त्याची हनुवटी पाहिली. यांच्याकडे बघितलं तर तेही तेच बघत होते. आम्ही दोघं इतके हसलो की बाजूची बाई वळून पाहू लागली. मला बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघं एकाच गोष्टीला हसलो होतो, आणि ती गोष्ट आमच्यापैकी कोणाचीच नव्हती.

जेवण झाल्यावर स्टेजवर गेलो. नवरीने मला मिठी मारली, यांना नमस्कार केला. फोटोवाला म्हणाला, भैया इधर, भाभी उधर. हे नवरीच्या बाजूला सरकून मान थोडी वळवून उभे राहिले, म्हणजे बाजूचा चेहरा यावा.

मत्सर गेला, असं मी लिहू शकत नाही. मी फोटोवाल्याचं ऐकलं नाही. पदर सावरला आणि दोघांच्या मधे जाऊन उभी राहिले.